बेचाळीस मापाचे हँडल

घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या एका तालुक्याच्या गावी यासीन शिकलगार नावाचे वृद्ध कारागीर सायकली दुरुस्त करीत असत. तरुणपणी ते स्वतः शर्यतींत उतरले होते. पुढे गुडघा गेला तेव्हा त्यांनी एस. टी. स्थानकामागे पत्र्याचे दुकान टाकले आणि चाळीस वर्षे इतरांच्या सायकली पळत्या ठेवल्या. गावातली लहानथोर मंडळी त्यांना चाचा म्हणत. चाचा कमी बोलत. ते सांगत त्याचा अर्थ पुष्कळदा दोन दिवसांनी कळे, म्हणून काही जण त्यांना विक्षिप्तही समजत.

एके सकाळी त्यांच्याकडे सुकन्या मगदूम आली. वय बावीस, अंगाने बारीक, नजर थेट. गावच्या सायकल क्लबातली ती घाट चढणारी सर्वांत चिवट मुलगी होती. तिने आपली शर्यतीची सायकल आत आणली, स्टँडवर लावली आणि उभ्या उभ्याच विचारले,

"चाचा, ह्याहून हलकं हँडल मिळेल का?"

चाचांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. सायकलवर काळेभोर कार्बनचे हँडल होते. शर्यतीच्या सायकलचे हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखे दोन्ही बाजूंनी पुढे जाऊन खाली वळलेले असते. सपाट रस्त्यावर स्वार वरचा भाग धरतो. वेगाने उतरताना खाली वाकून ती शिंगे धरतो आणि तिथूनच बोटांनी ब्रेक ओढतो. चाचांनी हँडल नुसते बोटाने वाजवून पाहिले.

"एकशे नव्वद ग्रॅमचं असेल हे. ह्याहून हलकं कशाला हवं?"

"पुढच्या महिन्यात निवड शर्यत आहे. घाट चढून पलीकडे उतरायचं, मग फिरून गावात यायचं. पहिल्या पाच मुली जिल्ह्याच्या संघात जाणार. उतारावर माझा वेळ जातो, तो काही भरून निघायचा नाही. म्हणून म्हटलं, चढावर जेवढं वजन कमी करता येईल तेवढं करावं."

"उतारावर वेळ का जातो?"

सुकन्याने खांदे उडवले. "भिते मी."

हे वाक्य तिने इतक्या सहज उच्चारले, की जणू आपल्या उंचीचा आकडा सांगत होती.

"कोण म्हणालं भितेस?"

"सर म्हणतात. सगळेच म्हणतात. मागच्या वर्षी सातव्या वळणावर पडले ना मी. गळपट्टीचं हाड मोडलं. तेव्हापासून घाट उतरताना सगळ्यांच्या मागं असते." मग ती किंचित हसली. "आता मीही म्हणते. उगीच लपवायचं कशाला?"

मागच्या वर्षीचा तो अपघात चाचांना ठाऊक होता. क्लबचे प्रशिक्षक भोईटे सर हे उंचेपुरे, रुंद खांद्यांचे, शिस्तीचे गृहस्थ. मुलांसाठी पहाटे घाटात उभे राहणारे. शहरातल्या एका दानशूर व्यापाऱ्याने त्यांच्या शब्दाखातर क्लबला आठ कार्बनची हँडले भेट दिली होती, सर्व एकाच मापाची, सर्व नवी कोरी. सुकन्या पडली त्या दिवशी दवाखान्याच्या ओसरीवर सर म्हणाले होते, "पाय आहेत हिच्याकडे, पण छाती नाही." त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण ते वाक्य गावभर झाले, आणि गावभर फिरून अखेर जिच्याविषयी होते तिच्याच मनात येऊन बसले.

चाचा उठले. त्यांनी सुकन्याच्या हँडलवरची काळी टेप हळूहळू उलगडून काढली. मग आतून एक जुने पांढरे धोतर आणले, त्याच्या दोन बोटे रुंद पट्ट्या फाडल्या आणि टेपच्या जागी ते हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या पट्ट्यांनी गुंडाळले. ब्रेकच्या दांड्यांनाही एकेक पट्टी बांधली. शेवटी कुंड्या रंगवायच्या गेरूची पुडी त्यांनी सुकन्याच्या हातात ठेवली.

"दोन्ही तळव्यांना हा चोळ. चारही बाजूंनी बोटांनासुद्धा. घाटमाथ्यापर्यंत जा आणि परत ये. दर दोन-तीन मैलांवर थांब, हात पूस, पुन्हा चोळ. बाकी काही वेगळं करू नकोस. रोज चालवतेस तशीच चालव."

सुकन्याने पुडीकडे पाहिले, मग चाचांकडे. "चाचा, मी हलकं हँडल विचारायला आले होते. रांगोळी घालायला नाही."

"ऐकलं मी. जा."

ती गेली, पण रागातच गेली. घाटातल्या चहाच्या टपरीवर तिला हाताला गेरू चोळताना पाहून दोन ट्रकवाले हसले. एकाने विचारले, "कुणाच्या लग्नाची हळद हो ताई?" सुकन्या पुडी खिशात कोंबून पुढे निघाली. माथ्यावर पोहोचल्यावर तिने गावाकडे वळून पाहिले आणि क्षणभर तिला वाटले, की पट्ट्या फेकून द्याव्यात आणि म्हाताऱ्याचे दुकान पुन्हा पाहूच नये. परंतु ती शिस्तीतली मुलगी होती. सांगितलेले अर्धवट टाकणे तिला जमत नसे. ह्याच गुणाने तिचा घात केला होता, हे तिला अजून कळायचे होते.

दुपारी ती परतली. चाचांनी सायकल दाराबाहेर उन्हात उभी केली आणि स्वतः स्टूल घेऊन समोर बसले.

"काय दिसतं?"

हँडलचा वरचा आडवा भाग तांबडा लाल झाला होता. पुढे ब्रेकच्या मुठींवरही रंग होता. तिथून खाली वळलेली दोन्ही शिंगे मात्र पांढरी स्वच्छ होती. सकाळी गुंडाळली होती तशी. ब्रेकच्या दांड्यांवरचा रंग तर केवळ वरच्या कडेला, नखभर.

"खालचा भाग धरलाच नाहीस," चाचा म्हणाले. "घाट उतरतानाही नाही."

"नाही धरत."

"का?"

"खाली धरलं की ब्रेकला बोट पोचत नाही. नुसतं टोक लागतं. वरून धरलं तर निदान थोडा तरी ओढता येतो. पण वरून जोर लागत नाही, म्हणून मग आधीपासूनच हळू जाते."

"हे सरांना सांगितलं होतंस?"

"पहिल्याच आठवड्यात. ते म्हणाले, सवय होईल, बाकीच्यांना झाली. करंगळी बधिर होते असं मी सांगितलं, तर म्हणाले, शर्यत म्हटलं की सोसावं लागतं." तिने हातावरचा गेरू पुसला. "आणि खरंच बाकीच्यांना झाली ना सवय. माझ्यातच काहीतरी कमी आहे."

चाचांनी बराच वेळ त्या पांढऱ्या शिंगांकडे पाहिले. मग अगदी सावकाश विचारले, "पडलीस त्या दिवशी कुठं धरलं होतंस?"

 गेल्या वर्षभरात हा प्रश्न सुकन्याला कोणीच विचारला नव्हता. का पडलीस, हे सर्वांनी विचारले होते. आणि त्याचे उत्तरही विचारणाऱ्यांनीच दिले होते.

"खाली," ती म्हणाली. "त्या दिवशी खालीच धरलं होतं. सरांनी बजावलं होतं, आज वर धरायचं नाही म्हणून. सहा वळणं कशीबशी गेली. सातव्याच्या आधी हात बधिर झाले होते. मी ब्रेक ओढायला बोटं लांब केली, आणि..." तिने उजव्या हाताची दोन बोटे हवेत लांब केली.  "आणि बोटं नुसती घसरली, चाचा. दांडी हातात आलीच नाही."

"म्हणजे तू ब्रेक दाबायला गेली होतीस."

"हो."

"वेळेवर?"

"वेळेवर. वळणाच्या आधी. मला ते वळण दिसत होतं. मी गोठले नव्हते. डोळेही मिटले नव्हते." तिचा आवाज चढला. "मी भ्यालेच नव्हते! आणि वर्षभर मी सगळ्यांना सांगत फिरते आहे की मी भ्याले!"

चाचांनी कपाटातून कापड मोजायची टेप काढली. सुकन्याला भिंतीला पाठ लावून उभे केले आणि एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्या खांद्याच्या हाडापर्यंत मोजले. अडतीस सेंटिमीटर. मग हँडल मोजले. बेचाळीस. तिचा पंजा आपल्या पंजावर ठेवून पाहिला. तिच्या बोटांची टोके त्यांच्या बोटांच्या शेवटच्या पेरापर्यंतही आली नाहीत.

मग ते बोलले. चाचा एवढे सलग क्वचितच बोलत.

"हे बघ पोरी. हँडल चांगलं आहे. हलकं आहे, मजबूत आहे, त्यात खोट नाही. बेचाळीस मापाच्या खांद्यांच्या माणसासाठी कुणीतरी मन लावून बनवलंय. पण तू काट्यावर ग्रॅम मोजत बसलीस आणि ज्या भागाला तुझा हातसुद्धा लागत नाही तो भाग वर्षभर डोंगरावर वाहून नेलास. तो कितीही हलका असला तरी तुझ्यासाठी निव्वळ ओझं आहे. सोसायचं म्हणशील, तर शर्यतीत सोसायला पुष्कळ असतं. चढ आहे, ऊन आहे, समोरचा वारा आहे. ते सोसून माणूस पुढं जातो. चुकीच्या मापाचं हँडल सोसून कुणी कुठं गेलेलं मी पाहिलं नाही. आणि एक लक्षात ठेव. वस्तू अंगाला बसत नाही तेव्हा लोक वस्तूला नाव ठेवत नाहीत, अंगाला ठेवतात. लोकांचं सोड. तू तरी ठेवू नकोस."

सुकन्या खाली मान घालून ऐकत होती. मान वर केली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते आणि त्यांत एक निराळीच धग होती.

"काढा हे," ती म्हणाली. "आत्ता काढा. आणि तुम्हाला योग्य वाटेल ते बसवा. तुम्ही सांगाल ते मी वापरीन."

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला.

"म्हणजे एकाचं ऐकून एक वर्ष घालवलंस, आता दुसऱ्याचं ऐकून दुसरं घालवणार?"

"पण तुम्हाला कळतं, चाचा!"

"सरांनाही कळतं. माझ्याहून जास्त शर्यती पाहिल्यात त्यांनी. पण तुझ्या करंगळीत काय होतं ते त्यांना कळत नाही आणि मलाही कळत नाही."

त्यांनी माळ्यावरून तीन हँडले काढली. तिन्ही धुवून पुसून त्याच पांढऱ्या पट्ट्यांनी गुंडाळली, म्हणजे धातू कोणता, नाव कोणते, हे दिसू नये. मग म्हणाले, "एकेक हँडल चार-चार दिवस, मी बदलून देईन. रस्ता तोच. वजन मी सांगणार नाही आणि तू विचारायचं नाहीस. बाराव्या दिवशी ये."

बारा दिवस सुकन्या रोज घाटात गेली. पहिले हँडल उचलताच कळे इतके हलके होते, पण पुढे फार लांब जाई. तिसऱ्या दिवशी करंगळी पुन्हा मुकी झाली. दुसरे आरामाचे होते. वरचा भाग चपटा आणि रुंद, तळवा गादीवर ठेवल्यासारखा विसावे. चढावर तर तिला ते सोडवेना. तिसरे साधे, गोल, अरुंद. त्यात पाहण्यासारखे काहीच नव्हते. मात्र त्याची शिंगे फार खोल नव्हती आणि पुढेही फार जात नव्हती. ते लावल्यावर दुसऱ्याच दिवशी, चौथ्या वळणावर, सुकन्याच्या ध्यानात आले की आपण खाली वाकलो आहोत, शिंगे धरली आहेत आणि दोन बोटे ब्रेकच्या दांडीवर आपसूक जाऊन टेकली आहेत. तिने ती तिथे ठेवली नव्हती. ती आपली आपण गेली होती. ती रस्त्याच्या कडेला थांबली आणि कोणी बघत नाही असे पाहून पाच-सहा वेळा ब्रेक नुसताच दाबला आणि सोडला.

बाराव्या दिवशी तिने तिसऱ्यावर हात ठेवला. "हे."

चाचांच्या कपाळावर आठी पडली. "दुसरं नको? ते सर्वांत आरामाचं आहे. मुद्दाम तुझ्यासाठी शोधलं होतं मी."

"आरामाचं आहे, पण बसल्या जागी. चढावर हात मऊ राहतात. उतारावर त्याचा दांडा माझ्या मुठीला जाड होतो आणि बोट अर्धा पेर कमी पडतं."

"अर्ध्या पेरानं काय होतं? खाली थोडी पातळ टेप लावू. चढ तासाभराचा आहे पोरी, उतार वीस मिनिटांचा. तासाभराचा आराम सोडू नकोस. मी चाळीस वर्षं हँडलं बसवतोय."

पंधरा दिवसांपूर्वी सुकन्या एवढ्यावर गप्प झाली असती. या वेळी तिने हात काढला नाही.

"चाचा, चढावर दुखलं तर मी सोसते. तुम्हीच म्हणालात, ते सोसायचं असतं. उतारावर अर्धा पेर कमी पडला तर काय होतं ते मला माहीत आहे. माझं हाड मोडलंय. तुमचं नाही. मला हेच हवं."

 मग चाचांनी दुसरे हँडल उचलून माळ्यावर ठेवले.

"मी दुसरं बसवलं असतं," ते म्हणाले, "आणि चुकलो असतो."

त्यांनी तिसऱ्यावरच्या पट्ट्या सोडल्या. आत साधे अॅल्युमिनियम होते. अडतीस मापाचे, दोनशे साठ ग्रॅमचे. कार्बनच्या हँडलहून सत्तर ग्रॅम जड.

"म्हणजे बाटलीतले तीन-चार घोट पाणी," सुकन्या म्हणाली. "पिऊन टाकीन."

दुसऱ्या दिवशी ती क्लबवर गेली. भोईटे सरांची नजर लगेच सायकलवर पडली.

"हे काय बसवलंस?"

"माझ्या मापाचं हँडल आहे, सर. अडतीस."

"आणि क्लबचं?"

तिने पिशवीतून कार्बनचे हँडल काढून टेबलावर ठेवले. नीट पुसलेले, नवी टेप गुंडाळलेले. "सर, ज्यांना बेचाळीस बसतं त्यांच्यासाठी हे उत्तम आहे. मला बसत नाही. मागच्या वर्षी मी भीतीनं पडले नाही. माझं बोट ब्रेकला पोचलं नव्हतं."

सरांनी मान हलवली. रागाने नव्हे, थकल्यासारखी. "पुन्हा तेच. सुकन्या, प्रत्येक पडणाऱ्याजवळ एक कारण असतं. मी तीस वर्षं ती कारणं ऐकतोय. ज्यांनी ही हँडलं दिली ते शेटजी परवा झेंडा दाखवायला येणार आहेत. क्लबच्या सात मुली एका हँडलवर आणि एक दुसऱ्यावर, कसं दिसेल ते? क्लबची जर्सी घालायची तर क्लबचं सामान वापरायचं. सर्वांना एक नियम."

"सर्वांना एक नियम चालेल, सर. सर्वांना एक माप कसं चालेल?"

"मग जर्सी ठेव इथं."

हे ते केवळ वचक बसवण्यासाठी म्हणाले होते. आठ वर्षे ती जर्सी अंगावर वागवणारी मुलगी ती ठेवणार नाही, अशी त्यांची खात्री होती.  क्षणभर सुकन्याला वाटले, की अॅल्युमिनियमच्या एका नळीसाठी आपण काय गमावतो आहोत! पण लगेच तिला आपला वर्षभराचा आवाज ऐकू आला, सहज, हसून म्हणणारा: भिते मी. तिने पिशवीतली घडी केलेली जर्सी काढली आणि हँडलशेजारी ठेवली.

"स्वतंत्र स्पर्धक म्हणून नाव देते, सर."

"एकटी पळणार? वाटेत पाणी कोण देईल? पंक्चर झालं तर?"

"तर थांबून काढीन."

शर्यतीच्या सकाळी सुकन्या साध्या निळ्या शर्टात रांगेच्या शेवटी उभी होती. शेटजींनी झेंडा दाखवला. चढावर तिची दमछाक झाली. गोल दांड्यावर तळवे दुखू लागले आणि दुसऱ्या हँडलची ती गादी तिला आठवली. पाणी जपून प्यावे लागले. जिल्हाभरातून आलेल्या मुलींत माथ्यावर ती अकरावी होती.

तिथून उतार सुरू झाला. ती खाली वाकली आणि शिंगे धरली. तिसऱ्या वळणापर्यंत दोघींना मागे टाकले. पाचव्यावर आणखी एकीला. सातवे वळण समोर आले तेव्हा तिच्या छातीत धडधड इतकी वाढली की वाऱ्याचा आवाजही ऐकू येईना. तो कठडा, ती खडी, सारे जसेच्या तसे होते. तिने दोन बोटे आत ओढली. ब्रेकने चाक आवळले, सायकल आज्ञेत आली, वळली आणि बाहेर पडली. आठव्या वळणावर ती कुणाला तरी ऐकवावे तशी मोठ्याने ओरडली. काय ओरडली ते तिलाही नंतर सांगता आले नाही.

पुढच्या वळणांवर आणखी पाच जणी मागे पडल्या आणि पायथ्याशी ती तिसरी होती. परतीच्या सपाट रस्त्यावर समोरून वारा आला. आडोशाला क्लबची कोणी सोबत नव्हती. एकीने तिला गाठले आणि पुढे गेली. आणखी एक जवळ येत होती, तिला मात्र सुकन्याने शेवटच्या दोनशे मीटरमध्ये पुढे जाऊ दिले नाही. ती चौथी आली. पाचांत चौथी.

ती सायकल धरून सावलीत उभी होती, तेव्हा भोईटे सर तिच्याकडे आले.  मग म्हणाले,

"भीती गेली म्हणायची तुझी."

"नाही सर," सुकन्या म्हणाली. "सातव्या वळणावर आज पोटात गोळा आला होता. मागच्या वर्षी नव्हता एवढा. फक्त आज ब्रेकला बोट पोचलं."

सर तिच्या सायकलकडे वळले. जवळ जाऊन ते वाकले आणि सवयीने हँडलच्या खालच्या भागावर हात ठेवले. आयुष्यभर सायकलवर बसलेला तो माणूस. पण त्या अरुंद हँडलवर त्यांचे रुंद खांदे आत दुमडले गेले, मनगटे वाकडी झाली, आणि ब्रेकच्या दांड्या त्यांच्या लांब बोटांखाली अडचणीसारख्या आल्या. त्यांनी एकदा हात सरकवून पाहिले, दुसऱ्यांदा पाहिले. कुठेच जमेना.

"छे," ते म्हणाले, "ह्यावर तर अंग आखडून जातं. ह्यावर माणूस घाट उतरेल कसा?"

 सुकन्याने फक्त त्यांच्याकडे पाहिले.

सरांचे हात हँडलवर तसेच राहिले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा प्रश्न मावळला आणि मान खाली गेली. पलीकडे शेटजी छायाचित्रासाठी क्लबच्या मुलींना बोलावत होते, सरांनाही हाका येत होत्या. पण ते बराच वेळ त्या अवघड हँडलवर वाकून उभे राहिले, आणि त्यांनी हात काढून घेण्याची घाई केली नाही.

ज्याला आपण भित्रा म्हणून मोकळे झालो, त्याच्या हाती आपण काय दिले होते, ते एकदा स्वतः धरून पाहावे.